फिलिंग पडलं की दोष सुपारीला, दिवा मात्र मोकळा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत भरलेले दात पुन्हा का किडतात, यावर मध्यंतरी एक लेख आला होता. लेख चांगला होता. सुपारी, बर्फ चावणं, झोपेत दात खाणं, रात्री ब्रश न करणं, सगळं त्यात होतं. पेशंटची एकूण एक पापं मोजून झाली. ज्या दिव्याखाली ते फिलिंग घट्ट करतात, त्या दिव्याचा मात्र अख्ख्या लेखात उल्लेख नव्हता. माझं पोट त्या दिव्यांवर चालतं, म्हणून हे पत्र.

मी नारायण पेठेत दातांच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतो. खुर्ची, कॉम्प्रेसर, स्केलर, हँडपीस आणि लाइट क्युअर, म्हणजे फिलिंग घट्ट करणारा हाच दिवा. मी डॉक्टर नाही, आणि कुणाच्या तोंडात काय भरावं हे सांगायचा मला अधिकारही नाही. पण डॉक्टरांच्या हातातली वस्तू माझ्या टेबलावर उघडी पडलेली असते आणि तिच्यात काय शिल्लक आहे ते मला दिसतं. पेशंटला ते दिसायचा प्रश्नच नाही. गंमत अशी की डॉक्टरांनाही दिसत नाही.

ज्यांचे दात पूर्वी भरले त्यांच्या तोंडात चांदी असेल. चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं अमाल्गम, दाबून भरली की आपोआप घट्ट होते, तिला दिवा लागत नाही. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, २०१८ मध्ये भारतानेही तो मान्य केला, आणि तशीही पेशंटना आता काळी चांदी नको, दाताच्या रंगाचं हवं. हे दाताच्या रंगाचं म्हणजे कॉम्पोझिट. ट्यूबमधून काढतात तेव्हा ते लोण्यापेक्षा थोडं घट्ट असतं. त्यात कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं द्रव्य अगदी थोडं मिसळलेलं असतं. निळा उजेड पडला की ते काम सुरू करतं आणि मऊ मसाल्याचा दगड होतो. हे द्रव्य सगळ्यात जास्त उजेड पितं ते ४६८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या रंगात. उजेड पुरेसा नसेल तर मसाला अर्धवट राहतो. थोडक्यात, चांदीच्या जमान्यात डॉक्टरांचा हात चांगला असला की भागायचं. आता हाताइतकाच दिवाही चांगला लागतो.

आणि अर्धवट राहिलेलं लगेच कळत नाही, हीच खरी मेख आहे. वरचा थर दिव्याच्या सगळ्यात जवळ असतो, तो मरतुकड्या दिव्याखालीही कडक होतो. डॉक्टर टोकदार हत्यार वरून फिरवतात, टकटक वाजतं, पॉलिश करतात, पेशंट आरशात बघून खूश होतो. मऊ राहतं ते तळाला, जिथे फिलिंग दाताला चिकटायचं असतं. मग काही महिन्यांनी गार पाणी झोंबायला लागतं, कडेला काळी रेघ येते, खालून कीड शिरते, नाहीतर एक दिवस पोळी खाताना तुकडाच हातात येतो. तोवर कोण कशाला दिव्याला विचारतंय? सुपारी असतेच.

दिव्याची ताकद मोजतात ती दर चौरस सेंटिमीटरला किती मिलीवॅट अशी. हिशेब साधा आहे. हजार मिलीवॅटचा दिवा वीस सेकंद धरला की वीस ज्यूल पोचले. चारशेचा चाळीस सेकंद धरला की सोळा. बहुतेक कॉम्पोझिटना दोन मिलीमीटरच्या थरामागे साधारण एवढंच लागतं. नेमकं किती, ते त्या त्या ट्यूबबरोबरच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक बहुतेक दवाखान्यांत घडीही न मोडता कचऱ्यात जातं. आता समजा दिवा उतरून अडीचशेवर आला आणि डॉक्टर सवयीने वीसच सेकंद धरताहेत. पाच ज्यूल. डॉक्टरांची पद्धत तीच, मसाला तोच, बिलही तेच.

अडीचशेवर दिवा येतो कसा, ते सांगतो. धायरीकडच्या एका दवाखान्यातली असिस्टंट मुलगी एक दिवा घेऊन आली. तक्रार काही नव्हती, चार्जिंगची पिन सैल झाली होती, एवढंच. माझी सवय अशी की कुठलाही दिवा आला की आधी मीटरवर धरायचा, मग उघडायचा. मीटरने ३१० दाखवलं. टिप, म्हणजे जिथून उजेड बाहेर पडतो ते टोक, उजेडाकडे तिरपी करून बघितली तर काचेवर कॉम्पोझिटचे दोन-तीन ठिपके चिकटून तिथेच पक्के झाले होते, आणि त्यावर बाँडिंगचा, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचा, पिवळट पापुद्रा होता. फिलिंगला टिप टेकली की हे होतंच, आणि पुढच्या पेशंटला दिवा लावला की तो ठिपका आणखी कडक होतो. प्लास्टिकच्या पट्टीने हळूच खरवडलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. ब्लेड कधीही लावायचं नाही, काचेवर ओरखडे पडले की ते कायमचे. पुन्हा मीटरवर धरला तर ७२०. पिनला डाग दिला, झालं. मुलीला दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. ती म्हणाली, "काका, पण निळा तर आधीपासूनच दिसत होता की!"

तिचं काही चुकलं नाही. सगळे हेच म्हणतात. आपला डोळा या कामाला निरुपयोगी आहे. हिरवट-पिवळा ५५५ नॅनोमीटरचा उजेड डोळ्याला सगळ्यात लख्ख दिसतो. त्याला १०० धरलं तर तितक्याच ताकदीचा ४६० चा निळा डोळ्याला फक्त सहा दिसतो, आणि ४१० चा जांभळा तर हजारात एक भागही जेमतेम. म्हणजे ज्या उजेडाचं काम आहे, त्याच उजेडाला डोळा जवळजवळ आंधळा आहे. त्यातून तो जोरात लागला की आपण तोंड फिरवतो, आणि फिरवायलाच हवं. मग ७२० चा ३१० झाला हे कोणाला कसं कळावं? हल्ली काही हौशी पेशंट मोबाइलवरचं उजेड मोजायचं ॲप घेऊन खुर्चीत बसतात असं डॉक्टरांकडूनच ऐकतो. त्यांनाही सांगतो, ते ॲप लक्स दाखवतं आणि लक्सचं माप माणसाच्या डोळ्यावरूनच बेतलेलं आहे. डोळ्याची खोट त्यात जशीच्या तशी उतरते. तेव्हा कृपा करून डॉक्टरांशी त्या ॲपवरून हुज्जत घालू नका.

पूर्वीचे हॅलोजनचे दिवे निदान बोलायचे तरी. बारा व्होल्ट, पंचाहत्तर वॅटचा बल्ब, मागे पंखा, पुढे फिल्टर. पंखा घरघरायला लागला, हँडल तापलं, बल्ब काळवंडला की डॉक्टर स्वतःच फोन करायचे. उन्हाळ्यात पेठेत व्होल्टेज पडलं की साध्या दिव्यांचा उजेडही पडायचा, आणि जुने डॉक्टर तेवढ्या दिवसांत दहा सेकंद जास्त धरायचे. निळा एलईडी आल्यावर ही कटकट गेली. ज्या शोधामुळे हे झालं त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि माझ्या मते ते योग्य माणसांना गेलं, कारण आज वायर नसलेला, खिशात मावणारा दिवा मिळतो तो त्यांच्याच जिवावर. पण विकणाऱ्यांनी त्याला एक शेपूट जोडलं, "सर, एलईडी आहे, हा कधी उतरत नाही." एलईडी बल्बसारखा पटकन जळत नाही हे खरं. पण त्याच्या पुढची काच घाण होते, उजेड टिपपर्यंत नेणाऱ्या नळीतले, म्हणजे लाइट गाइडमधले, काचेचे तंतू दिवा पडला की तुटतात, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून, काढल्यावर टोकावर पाण्याचा पांढरा थर बसतो. आत उष्णता जायला धड ॲल्युमिनियम नसेल तर वीस सेकंदांतच शेवटची पाच सेकंदं मवाळ पडतात. चांगल्या दिव्यात बॅटरी कितीही उतरली तरी करंट तेवढाच राहील अशी सोय असते आणि न जमलं तर दिवा सरळ बंद पडतो. स्वस्तातला दिवा बिचारा शेवटच्या श्वासापर्यंत निळा दिसत राहतो.

या स्वस्त दिव्यांबद्दल एकच सांगतो. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळतात, खोक्यावर १५००, २००० मिलीवॅट असे आकडे ठसठशीत छापलेले असतात. उघडून बघितलं की आत तपकीर गल्लीत सुट्टे मिळतील असे भाग निघतात. एकाच खोक्यातले, एकाच छापाचे दोन दिवे माझ्या मीटरवर एकमेकांच्या जवळपासही आलेले नाहीत. स्वस्त म्हणून सगळेच वाईट, असं मी म्हणत नाही. त्यातला कुठला चांगला निघाला, हे मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही, एवढंच म्हणतो.

आता मोजायचं कशाने, इथे दुसरी गंमत. ज्याला आपण मीटर म्हणतो, म्हणजे रेडिओमीटर, तो हातात मावणारा डबा असतो. वर छोटी गोल खिडकी, तिच्याखाली फिल्टर आणि सिलिकॉनचा डोळा. काही दिव्यांच्या चार्जिंग स्टँडमध्येच तशी खिडकी दिलेली असते. ओळखीच्या तीन डॉक्टरांचे तीन मीटर दुरुस्तीच्या निमित्ताने एकदा माझ्या टेबलावर एकत्र आले होते. मी माझा एकच दिवा, पूर्ण चार्ज केलेला, तिघांवर पाठोपाठ धरला. एकाने ६०० दाखवलं, दुसऱ्याने ८५०, तिसऱ्याने १२०० च्या पुढे. तिन्ही मीटर आपल्या परीने चालूच होते, बिघाड कुठल्यातच नव्हता.

याचं कारण खिडकीत आहे. दिव्याच्या टिपचा व्यास कुणाचा सात मिलीमीटर, कुणाचा दहा. मीटरची खिडकी मात्र एकाच मापाची. टिप खिडकीपेक्षा मोठी असली की मीटरला मधलाच उजेड मिळतो, कडेचा मिळत नाही. आणि बहुतेक दिव्यांचा उजेड मध्ये प्रखर आणि कडेला फिका असतो. मीटर मधला आकडा दाखवून मोकळा होतो, आणि कडेच्या खाली आलेल्या फिलिंगच्या वाट्याला निम्माही येत नाही. शिवाय मीटरचा फिल्टर ज्या निळ्यासाठी बसवलेला असतो तो एक, आणि तुमच्या एलईडीचा निळा दुसरा. हॅलोजनच्या काळातला मीटर आजच्या दिव्यावर धरला की आकडा कुठेही जाऊ शकतो. ब्लीच शेडचं पांढरंशुभ्र कॉम्पोझिट असेल तर आणखी घोळ. त्यात पिवळं द्रव्य चालत नाही म्हणून काही कंपन्या वेगळं द्रव्य घालतात, त्याला जांभळा उजेड लागतो. नुसता निळा दिवा त्यापुढे कितीही जोरात लावला तरी काम होत नाही, आणि मीटर म्हणतो सगळं झकास आहे.

खरं माप काढायची रीत वेगळी. आधी टिपमधून बाहेर पडणारा सगळाच्या सगळा उजेड पॉवर मीटरने पकडायचा, तो येतो नुसत्या मिलीवॅटमध्ये. मग टिपचं तोंड व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकपट्टीने, मोजायचं आणि क्षेत्रफळाने भागायचं. उजेड ५०० मिलीवॅट आहे आणि टिप आठ मिलीमीटरची, तर क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर, आकडा हजार. तोच ५०० दहा मिलीमीटरच्या टिपमधून आला तर आकडा ६४० च्याही खाली. दिव्यात काडीचा फरक नाही. म्हणूनच टोकाला निमुळती 'टर्बो टिप' लावली की मीटर खूश होतो आणि विकणारा त्याहून खूश होतो. पण दाढ मोठी असेल तर त्या निमुळत्या टोकाने ती एकदम झाकली जात नाही, दोन-तीन जागी धरून क्युअर करावं लागतं, हे कुणी सांगत नाही. या दिव्यांसाठी आयएसओ १०६५० हे मानक आहे, आणि त्यातही भरवसा प्रयोगशाळेतल्या पॉवर मीटरवरच ठेवलेला आहे, हातातल्या डबीवर नाही.

मग ती हातातली डबी टाकून द्यायची का? अजिबात नाही. तिचा उपयोग एकच, पण मोठा आहे. नवा दिवा घेतला त्याच दिवशी, पूर्ण चार्ज करून, आपल्याच मीटरवर, आपलीच टिप लावून आकडा घ्यायचा आणि स्टँडला चिकटवलेल्या कागदावर तारखेसकट लिहायचा. मग दर सोमवारी तोच मीटर, तीच टिप, नवा आकडा त्याच्याखाली. ८५० खरे का १२०० खरे, या वादात पडायचंच नाही. कालच्यापेक्षा आज किती, एवढंच बघायचं. पाचवा हिस्सा उतरला की आधी टिप साफ करायची, तरी चढला नाही तर माझ्यासारख्या माणसाकडे पाठवायचा. कोथरूडला एका बाई डॉक्टरांच्या भिंतीवर असा कागद आहे. आकडे खाली येत जाताना त्यावर सरळ दिसतात, मध्येच चढलेला दिसतो, तिथे 'टिप बदलली' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे जायला मला आवडतं. काम कमी निघतं आणि चहा चांगला मिळतो.

कागद लावला तरी सगळं झालं असं नाही, कारण मीटरवर टिप टेकलेली असते आणि तोंडात ती लांब असते. दोन दाढांच्या मधली खोल कीड काढल्यावर खड्ड्याचा तळ टिपपासून सहा ते आठ मिलीमीटर लांब राहतो. काही दिव्यांचा उजेड तेवढ्या अंतरात निम्म्याच्याही खाली येतो, काहींचा बऱ्यापैकी टिकतो. विकत घेताना हा प्रश्न विचारणारा डॉक्टर मला क्वचितच भेटला. त्यातून आठव्या नंबरच्या दाढेपाशी पेशंटचं तोंड पुरेसं उघडत नाही, टिप तिरपी होते, अर्धा उजेड हिरडीवर जातो. स्वच्छतेसाठी टिपवर प्लास्टिकची स्लीव्ह चढवतात, ती चढवायलाच हवी, पण ती जाड असली किंवा तिची शिवण बरोबर तोंडावर आली की तिथेही उजेड कापला जातो. म्हणून आकडा घ्यायचा तो स्लीव्ह चढवूनच. कॅनडात डलहौसी विद्यापीठातले रिचर्ड प्राइस यांनी नकली डोक्याच्या दातांत सेन्सर बसवून डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना क्युअर करायला लावलं. दिवा तोच, सेकंद तेवढेच, तरी दातात पोचलेला उजेड हातागणिक वेगळा निघाला, आणि दिव्याकडे बघत, हात स्थिर ठेवून धरायला शिकवल्यावर तो वाढला. हे वाचल्यापासून मी दिवा परत देताना असिस्टंट मुलींनाही सांगतो, बटण दाबून खिडकीबाहेर बघू नका.

"मग चाळीसऐवजी ऐंशी सेकंद धरू," असं काही डॉक्टर म्हणतात. थोडाफार फायदा होतो, पण मेलेला दिवा वेळेने जिवंत होत नाही, आणि चांगल्या दिव्याने ऐंशी सेकंद धरणं धोक्याचं. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग केले होते. दाताच्या आतल्या गाभ्याचं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं तेव्हा काही दातांचा गाभा पुन्हा सावरलाच नाही. आजकाल तीन हजार मिलीवॅटचे दिवे आलेत, तीन सेकंदांत काम झालं म्हणून सांगतात. तीन हजार गुणिले तीन, नऊ ज्यूल. वीसच्या जागी नऊ चालतील की नाही, हे त्या ट्यूबच्या कंपनीला विचारायचं, दिवा विकणाऱ्याला नव्हे. म्हणजे कमी नको आणि जास्तही नको, आणि हे दोन्ही मोजल्याशिवाय कळत नाही.

ज्यांच्याकडे मीटरच नाही त्यांच्यासाठी एक गावठी वाटेल अशी पण मानकातलीच रीत आहे, आयएसओ ४०४९ मधली. भोसरीच्या एका लेथवाल्याकडून मी स्टीलची पट्टी करून घेतली आहे, तिला चार मिलीमीटर व्यासाचं, सहा मिलीमीटर खोल आरपार भोक आहे. खाली मायलरची, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकची, पट्टी ठेवायची, डॉक्टर रोज वापरतात तेच कॉम्पोझिट भोकात दाबून भरायचं, वर पुन्हा मायलर, आणि दिवा वीस सेकंद. मग ती कांडी बाहेर ढकलायची आणि खालच्या बाजूने प्लास्टिकच्या चमच्याने खरवडायची. मऊ राहिलेला भाग चिकट मेणासारखा निघत जातो आणि एका जागी चमचा एकदम अडतो. उरलेली कांडी व्हर्नियरने मोजायची आणि त्याचा निम्मा धरायचा. चार मिलीमीटर उरली तर दोन मिलीमीटरचा थर भरायला हरकत नाही. अडीचच उरली तर सव्वा. माझ्या टेबलावर हा प्रयोग बघताना एका अनुभवी डॉक्टरांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खरवडलं. त्यांची कांडी जेमतेम दोन मिलीमीटर उरली. ते काही बोलले नाहीत, दुपारीच नवा दिवा मागवला.

आता मूळ मुद्दा. दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुकीकरण झालं की नाही ते रंग बदलणारी पट्टी सांगते. मंडईत भाजीवाल्याच्या काट्यालाही वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, नाहीतर दंड होतो. वांगी पन्नास ग्रॅम कमी भरली तर आपण भांडतो. दातातला उजेड निम्मा भरला तर भांडायला कुणाला समजतच नाही, आणि दिवा मोजून घ्या म्हणून दवाखान्याच्या दारात कुणी येत असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नवा कायदा करा असं मी म्हणत नाही. कायदा झाला की शिक्का मारणारे येतील आणि दिवा होता तिथेच राहील.

माझं म्हणणं यापेक्षा स्वस्तातलं आहे. पुण्यात दंतवैद्यक महाविद्यालयांना तोटा नाही. धनकवडीला भारती विद्यापीठ आहे, कॅम्पात रंगूनवाला, वडगावला सिंहगड, पिंपरीला डॉ. डी. वाय. पाटील. इंडियन डेंटल असोसिएशनची पुणे शाखा आहे. यांच्यापैकी कुणीही एकाने एक टेबल मांडावं. त्यावर कॅलिब्रेशनचा दाखला असलेला एक चांगला पॉवर मीटर, जमलं तर उजेडाचा रंग दाखवणारा स्पेक्ट्रोमीटर आणि एक व्हर्नियर. महिन्यातून एक दुपार शहरातल्या कुठल्याही डॉक्टराने आपला दिवा आणावा, नाममात्र पैसे भरावेत आणि चिठ्ठी घेऊन जावं. चिठ्ठीवर दिव्याचा नंबर, टिपचा व्यास, एकूण मिलीवॅट, टेकवून किती आणि आठ मिलीमीटरवरून किती, बस. त्याच वेळी डॉक्टरांनी आपला हातातला मीटरही आणला तर दोन्ही आकडे शेजारी लिहून मिळतील, म्हणजे वर्षभर घरच्या मीटरवर भागेल. विद्यार्थ्यांना मोजायला बसवावं. चार वर्षं शिकून दिवा कधीच न मोजलेले नवे डॉक्टर माझ्याकडे येतात, त्यात त्यांचा काय दोष? त्यांना कुणी मोजायला बसवलंच नाही. मी स्वतः, ज्या महाविद्यालयाने बोलावलं तिथे, टिप साफ करायला आणि बॅटऱ्या बघायला त्या दुपारी फुकट येऊन बसेन. माझी स्टीलची पट्टीही घेऊन येईन.

येताना दिवा पूर्ण चार्ज केलेला हवा, रोजचीच टिप हवी, नवी कोरी लावून आणू नये, आणि रोजच्या स्लीव्हचं पाकीटही बरोबर असावं. टिप आदल्या रात्री घासूनपुसून आणली तर रोज पेशंटला काय मिळतं ते कळणार नाही.

पत्र लांबलं, कल्पना आहे. कापायचं झालं तर हॅलोजनवाला भाग कापा, आकडे कापू नका.

माझं नाव छापू नये ही विनंती. गिऱ्हाईक सगळी याच शहरातली आहेत.

आपला,
दातांच्या यंत्रांचा एक मेकॅनिक
नारायण पेठ, पुणे

ता. क. दिव्याबरोबर नारिंगी चष्मा किंवा नारिंगी काच मिळते. बहुतेक ठिकाणी ती ड्रॉवरमध्ये असते. दिवसभर दिवा धरणारी बहुधा असिस्टंट मुलगी असते आणि निळ्या उजेडाने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. वर म्हटलं तसं दिव्याकडे बघत धरायचा, तर तो याच चष्म्यातून बघायचा. चष्मा हरवला असेल तर वेगळा विकत मिळतो. फक्त घेण्याआधी तो लावून पेटलेली टिप पांढऱ्या कागदावर बघावी. कागदावर निळं दिसलं तर तो चष्मा परत करावा.